माकडटोपी कधी परत करू?

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक मैत्रीण ३८ वर्षांची. पुण्यात बँकेत नोकरी, सहा वर्षांपूर्वी घटस्फोट. घरात ती, तिची आई आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक गावठी कुत्री, टिकली. रोज सकाळी ती आणि टिकली टेकडीवर जातात. तिथे एक गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरला, कर्नलला, घेऊन येतात. टिकली लांबूनच त्यांच्याकडे झेप घेते, इतर कुणाकडे जात नाही. आठ महिने रोज दहा-पंधरा मिनिटं गप्पा होतात, पण सगळ्या गोचिडांच्या, जंतांच्या आणि कर्नलच्या गुडघ्यांच्या. ती त्यांना 'कर्नलचे बाबा' म्हणते, ते तिला 'टिकलीची आई'. खरं नाव दोघांनाही माहीत नाही.

डिसेंबरच्या शेवटी एक प्रकार घडला. त्यांनी माकडटोपी काढून बाकावर ठेवली, टिकलीने ती तोंडात धरली, पट्टा हातातून सुटला आणि टिकली थेट घरी. टोपी पलंगाखाली सापडली. मैत्रिणीने ती दोनदा धुतली, घडी घालून कपाटात ठेवली. त्याला आज अकरा दिवस झाले. रोज ती टेकडीवर जाते आणि रोज 'टोपी घरी विसरते'. ते गृहस्थ कानाला मफलर गुंडाळून येतात आणि काही बोलत नाहीत.

आई म्हणते, 'मुक्या जनावराला माणूस बरोबर कळतो, तिचं ऐक.' तिची एक मैत्रीण म्हणते, 'त्या वयाचा बरा पुरुष एकटा असेल कशाला?' आणि हिची स्वतःची भीती अशी, की बोलले आणि फिसकटलं तर टिकलीचा मित्र जाईल, शिवाय टेकडीही जाईल.

(नावं बदलली आहेत, कुत्र्यांचीसुद्धा. टेकडीवर माणसं नावाने ओळखली जात नाहीत, कुत्री ओळखली जातात. कोणती टेकडी तेही सांगत नाही. वेताळ, हनुमान, तळजाई, पर्वती... पुण्यात टेकड्यांना तोटा नाही.)

प्रिय टिकलीच्या आई,

पत्र वाचून आधी हसले, मग टोपीच्या मालकाची काळजी वाटली. जानेवारीतल्या पहाटे टेकडीवर वारा कसा लागतो ते तुम्हाला मी काय सांगणार. मफलर कानाला पुरतो, टाळूला पुरत नाही. तेव्हा तुमच्या चार पानी पत्रातल्या एका प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते: टोपी उद्या परत करा. बाकीचं आता निवांत बोलू.

आधी मध्यस्थांविषयी. माझं लग्न वडिलांच्या एका मावसभावाने जमवलं. आमच्याकडे रविवारी साजूक तुपातला शिरा व्हायचा आणि हे काका बरोबर नाश्त्याच्या वेळेला एखादं स्थळ घेऊन यायचे. पहिलं स्थळ आलं, शिरा संपला, स्थळ बारगळलं. दुसऱ्याचंही तेच. तिसरं स्थळ गेली ३५ वर्षं माझ्या घरात वर्तमानपत्राची घडी विस्कटून ठेवतंय. काकांना माझ्या संसाराची काळजी किती आणि शिऱ्याची ओढ किती, याचा हिशेब आम्ही कधी मांडला नाही. मांडला असता तर शिरा जिंकला असता. पण त्याने लग्नाचं काही बिघडलं नाही, कारण काकांचं काम दोन घरांची गाठ घालून देण्याएवढंच होतं. मुलगा कसा आहे ते काकांनी सांगितलं म्हणून माझ्या वडिलांनी मानलं नाही. ते स्वतः सोलापूरला जाऊन चौकशी करून आले.

टिकलीचंही असंच आहे. तिने गाठ घालून दिली. ती कशासाठी धावते म्हणाल, तर तुम्हीच लिहिलंय की ते जाकिटाच्या उजव्या खिशात बिस्किटं ठेवतात. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या जातीप्रमाणे २० ते ३० कोटींच्या घरात. तुम्हाला वळणावर माणूस दिसायच्या आत टिकलीला खिसा 'दिसलेला' असतो. त्यावर कर्नलच्या अंगाचा ओळखीचा वास. आणि तुम्ही सहज लिहून गेलात ते एक वाक्य: 'ते तिच्यावर कधी वाकत नाहीत, बाजूला उकिडवे बसतात आणि हात खाली ठेवतात.' नव्या कुत्र्याशी असंच वागायचं असतं. समोरून येऊन, डोळ्यांत डोळे घालून, डोक्यावर हात ठेवणारा माणूस बहुतेक कुत्र्यांना दांडगट वाटतो, रस्त्यावर वाढलेल्यांना तर फारच. म्हणजे टिकलीच्या साक्षीतून एवढं नक्की कळतं की या माणसाला कुत्र्यांशी वागता येतं. ही चांगली गोष्ट आहे. पण कुत्र्यांशी लोण्यासारखी मऊ आणि माणसांशी सुतळीसारखी चरचरीत असलेली मंडळी आपल्या शहरात किती आहेत, हे कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन बघा.

तुमच्या आईंचा पुरावा मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी त्यांनी आणलेलं स्थळ घरी आलं, टिकली गुरगुरली, कांदेपोहे तसेच राहिले आणि ठरलं की त्या माणसात काहीतरी खोट असणार. पण त्याच परिच्छेदात तुम्ही सांगता की ते हातात हेल्मेट घेऊन आत आले होते. टिकली गॅसवाल्यावर भुंकते, कुरिअरवाल्यावर भुंकते, छत्री उघडली की पलंगाखाली जाते. या सगळ्यांच्या चारित्र्याबद्दल आईंचं काय मत आहे? त्या गृहस्थांना तुम्ही नाही म्हणालात ते तुम्हाला ते आवडले नाहीत म्हणून. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत तुमचा पगार विचारला, हे तुम्ही कंसात लिहिलंय. मला वाटतं नकार त्या कंसात होता. गुरगुर नंतर पुराव्याला जोडली.

आता मला जे खरं म्हणायचंय त्याच्याकडे येते.

पत्राचं तिसरं पान पुन्हा काढून वाचा. तुम्ही लिहिलंय की टेकडीच्या शेवटच्या चढावर कर्नल थांबतो, तेव्हा ते त्याला ओढत नाहीत. ते स्वतः दगडावर बसतात आणि वर्तमानपत्र काढतात, जणू त्यांनाच दम लागलाय. लिहिलंय की एकदा पावसात त्यांनी त्या ३० किलोच्या कुत्र्याला उचलून खाली आणलं आणि मग दोन दिवस कंबर धरून चालत होते, पण विचारल्यावर 'खुर्चीत वाकडा बसलो' म्हणाले. टिकलीला पहिलं बिस्किट देण्याआधी त्यांनी तुम्हाला विचारलं, 'हिला चालतं ना?' आणि त्यानंतरही दर वेळी विचारतात, आठ महिने झाले तरी. पिशवी बरोबर असते, घाण उचलतात. मोर दिसला की कर्नलचा पट्टा आखूड धरतात, खरं तर कर्नल आता मोराच्या मागे काय, मोराच्या बाजूलाही जायचा नाही.

यातलं काय टिकलीने पाहिलं? काही नाही. ती खिसा हुंगत होती. हे सगळं तुम्ही पाहिलंत. आठ महिने, रोज, बारकाईने, कंबर दुखण्याच्या दिवसांसकट. आणि एवढं सगळं स्वतः पाहून झाल्यावर तुम्ही मला विचारताय, 'टिकलीचं ऐकू का?'

असं का होतं, याचा माझा एक अंदाज आहे. चुकला तर सोडून द्या. एकदा माणूस निवडला, निवड चुकली, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तेव्हापासून तुम्ही स्वतःच्या निवडीवर शिक्का मारायचं बंद केलंय. बँकेत लाखांच्या कर्जावर सही करता, पण या एका खात्यात सहीचा अधिकार आईकडे, मैत्रिणीकडे आणि आता चार पायांच्या एका बाळाकडे देऊन टाकलाय. ('बाळ' हा शब्द तुमचा. पत्रात तुम्ही एकदाही तिला कुत्री म्हटलेलं नाही. मी नाइलाजाने म्हणते.) टिकलीने निवडलं असं म्हटलं की एक सोय होते. उद्या बिघडलंच तर तुमचा अंदाज चुकला असं होत नाही, टिकलीचा चुकला असं होतं.

पण पहिल्या लग्नाबद्दल तुम्ही जे लिहिलंय, त्यात दुसरंच काही दिसतं. साखरपुड्याआधी तुम्ही त्यांना तीनदा भेटलात, तिन्ही वेळा घरची माणसं समोर. तेव्हा तुमची पारख चुकली असं मी म्हणणार नाही. पारखायला वेळच मिळाला नव्हता. यावेळी मिळालाय. आठ महिने रोज पंधरा मिनिटं म्हणजे, सुट्टीचे आणि धो-धो पावसाचे दिवस वजा करूनही, पन्नास तासांच्या आसपास जातात. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात इतका वेळ कुणाला मिळतो? आणि तोही माणूस इस्त्रीचा शर्ट घालून, पोट आत घेऊन बसलेला नसताना.

आता तुमच्या मैत्रिणीच्या शेऱ्याबद्दल. 'त्या वयाचा बरा पुरुष एकटा असेल कशाला?' हाच प्रश्न ते किंवा त्यांचा एखादा मित्र तुमच्याबद्दल विचारत असेल, तर तुम्हाला कसं वाटेल? ३८ वर्षांची बरी बाई एकटी का असते, याचं उत्तर तुमच्याकडे आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांच्याकडेही असेल. किंवा घरी बायको असेल, तिला सकाळी उठायचा कंटाळा असेल. दोन्ही शक्य आहे. मैत्रीण अंदाज बांधते, आई अंदाज बांधते, मी पण बांधतेय, आणि ज्यांना ठाऊक आहे ते रोज तुमच्यापासून हातभर अंतरावर मफलर गुंडाळून उभे असतात.

कुत्र्यामुळे अनोळखी माणसं बोलू लागतात, हे परदेशात अभ्यासून झालेलं आहे, म्हणून तुमचं काही जगावेगळं चाललंय असं मानू नका. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. एकच माणूस, कधी कुत्र्याबरोबर, कधी कुत्र्याशिवाय, कधी नीटनेटक्या कपड्यांत, कधी मळक्या. कुत्रा असला की लोक थांबून बोलायचे, मळक्या कपड्यांतही. तेव्हा माकडटोपीतल्या माणसाशी तुम्ही आठ महिने बोलत राहिलात याला शास्त्राचा आधार आहे. (माकडटोपीत माणसाचे फक्त डोळे आणि नाक दिसतं. टोपी गेल्यावर त्यांना केस आहेत हे तुम्हाला कळलं, आणि हे तुम्ही दोनदा लिहिलंय.) फ्रान्समधल्या २००८ च्या एका प्रयोगात एक तरुण रस्त्यात अनोळखी मुलींकडे फोन नंबर मागत होता. एकटा असताना शंभरात साधारण ९ जणींनी दिला, कुत्रा बरोबर असताना २८ जणींनी. कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी हा आकडा छान आहे. मला मात्र त्या उरलेल्या ७२ जणी आवडतात. कुत्रा गोड आहे म्हणाल्या असतील, कान खाजवला असेल आणि पुढे गेल्या असतील. कुत्रा आवडणं आणि कुत्र्याचा मालक आवडणं यात त्यांनी गल्लत केली नाही. तुम्हीही करू नका, उलट बाजूनेसुद्धा: ते टिकलीशी प्रेमाने वागतात म्हणजे तुमच्यावर त्यांचं मन आहे, असंही धरून चालू नका.

तरी एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटलीय, ती मला सांगावीशी वाटते. पत्राच्या दुसऱ्या पानावर आहे: 'कर्नलचं वजन वाढल्यामुळे डॉक्टरांनी दिवाळीपासून त्याची बिस्किटं पूर्ण बंद केली आहेत.' लॅब्रॅडॉर खादाड जात, वजन वाढलं की सांध्यांवर भार येतो, डॉक्टरांचं बरोबरच आहे. पण मग दिवाळीनंतरही त्या उजव्या खिशात बिस्किटं आहेत ती कोणासाठी?

लगेच हुरळून जाऊ नका. टेकडीवरच्या सगळ्याच कुत्र्यांना देत असतील. सवय सुटली नसेल. चहाबरोबर स्वतः खात असतील, पुरुष खातात. पण दोन दिवस बघा. इतर कुणाला देतात का? आणि नसतील देत, तर कर्नलसारखा खादाड कुत्रा शेजारी जीभ लोंबवून उभा असताना, त्याच्या नजरा सहन करत, एक माणूस रोज दोन बिस्किटं खिशात घालून घराबाहेर पडतो, एवढंच मी नोंदवून ठेवते. (टिकलीसाठी सूचना: गोड ग्लुकोज बिस्किट रोज नको. भाजलेले चणे किंवा गाजराचा तुकडा तिला चालेल. हे त्यांना सांगायला हरकत नाही, बोलायला विषय मिळेल.)

आता टोपी. आठवड्यावर संक्रांत आलीय आणि तुमच्यासारख्या संकोची माणसांची सोय पूर्वजांनी आधीच करून ठेवलीय. वर्षातला हा एकच काळ असा असतो की आपण कुणालाही, अगदी लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही, हातावर तिळगूळ ठेवून 'गोड बोला' म्हणू शकतो आणि 'हे मध्येच काय?' असं कुणी विचारत नाही. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, पण टोपीला तेवढा धीर नाही. म्हणून उद्या टोपी द्या, आणि संक्रांतीला वडी. एकाच दिवशी दोन्ही दिलंत तर वडी ही लाच वाटेल.

टोपी देताना साध्या कापडी पिशवीतून द्या. रंगीत कागदात गुंडाळू नका, वर चिठ्ठी नको, मोगऱ्याचं अत्तर तर मुळीच नको. कर्नल शिंकेल. अकरा दिवसांचं स्पष्टीकरण देत बसू नका. 'बँकेत वर्षअखेर होती' वगैरे तर नकोच. जानेवारीत कसली वर्षअखेर, तुमची मार्चमध्ये असते, हे त्यांनाही माहीत असेल. एवढंच म्हणा: 'टिकलीने पळवली होती, धुऊन आणलीय. आणि एक विचारायचं राहिलंय. आठ महिने झाले, मला फक्त कर्नलचं नाव ठाऊक आहे.'

आणि मग गप्प राहा. हे अवघड आहे. तुमच्या पत्रावरून वाटतं की शांतता झाली की तुम्ही लगेच गोचिडांवर येता. येऊ नका. पाच सेकंद जाऊ द्या. त्यांनी नाव सांगितलं की तुमचं सांगा. त्या दिवशी इतकंच पुरे.

त्यांचं लग्न झालंय का, हे कसं कळणार, म्हणून तुम्ही पानभर चिंता केलीय. आपल्याकडे बायकांच्या गळ्याकडे बघून अंदाज बांधता येतो, पुरुषांचं काहीच दिसत नाही, हे खरं आहे. अंगठीवर जाऊ नका, पुष्कराज घालणारे बाप्ये ढिगाने आहेत. समाजमाध्यमांवर शोधायचं तर नाव लागतं, आणि नाव असलं तरी मी म्हणेन आधी तोंडाने विचारा. त्यासाठी आपल्या भाषेत एक अगदी निरुपद्रवी प्रश्न पिढ्यान्पिढ्या वापरात आहे: 'घरी कोण कोण असतं?' रेल्वेत समोर बसलेली आजी विचारते, भाजीवाली विचारते, तुम्ही कर्ज देताना विचारता. तुम्हीही विचारा. बायको असली तर तीही कळेल आणि कर्नलच्या आईला एक वडी जास्त द्याल, संपलं. त्यात तुमचं काही गेलं नाही.

एकटे आहेत असं कळलं आणि तुमचं मन अजून तिथेच असलं, तर पुढची भेट कुत्र्यांशिवाय करा. ही माझी सगळ्यात ठाम सूचना आहे. दोघांच्या मध्ये कुत्रा असला की बोलणं कधी अडत नाही. ती त्याची खुबी, आणि धोकाही तोच. कर्नलचे गुडघे वजा केल्यावर तुमच्यात काय उरतं ते बघायला हवं. एखाद्या रविवारी मिसळ खायला जा, टेबलाखाली कुणी नसताना. पहिली दहा मिनिटं अवघडल्यासारखी जातील, हात कुठे ठेवायचे कळणार नाही, कारण त्यात रोज पट्टा असतो. पण त्यानंतर गप्पा सुरू झाल्या, तर त्या तुमच्या असतील. नाहीच झाल्या, तर टेकडीवरची मैत्री टेकडीवर छान आहे, तिथेच राहू द्या. भेट दिवसा, गर्दीच्या ठिकाणी आणि आईंना सांगून. दोघेही पहिल्या लग्नातून बाहेर पडलेले असाल, तर गोष्टी लांबवर जाण्याआधी कागदपत्रांचं मोकळेपणाने बोला. बँकेतल्या माणसाला हे मी सांगायला नको.

राहिली फिसकटण्याची भीती. समजा ते म्हणाले, 'माझ्या मनात तसं काही नाही.' दोन-तीन दिवस जड जातील. तुम्ही पावणेसातऐवजी सव्वासहाला जाल. टिकली त्या वळणावर थांबेल, कर्नलचा माग हुंगेल आणि तुमच्याकडे बघेल. मग चौथ्या दिवशी तुम्हीच कंटाळून नेहमीच्या वेळेला जाल आणि विचाराल, 'काय म्हणतोय कर्नल?' कुत्र्यांना नकार ठाऊक नसतो, त्यांची दोस्ती तशीच राहील. टेकडी तर कुणाच्याच बापाची नाही. आणि जो माणूस कुत्र्याला दम लागला हे त्याला जाणवू नये म्हणून स्वतः दगडावर बसतो, तो तुम्हाला नाही म्हणाला तरी नीट म्हणेल, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, पुरावा तुमच्या तिसऱ्या पानाचा.

अशी पत्रं अधूनमधून येतात, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं. एका तरुणाने विचारलंय, ओळखी व्हाव्यात म्हणून कुत्रा पाळू का? नको. कुत्रा बारा-पंधरा वर्षांची जबाबदारी आहे, दरवर्षी रेबीजची लस, महापालिकेचा परवाना, तुम्ही गावाला गेलात की त्याचं काय हा प्रश्न. ओळख व्हायला तीन आठवडे लागतील, तिला एखाद्या वेळी कुत्र्यांची ॲलर्जी निघेल. मित्राचा कुत्रा उसना नेण्याची कल्पनाही तितकीच वाईट. तो कुत्रा भर टेकडीवर खऱ्या मालकाला ओळखतो. आणि पुरुष वाचकांना आणखी एक: एखादी बाई रोज ठरावीक वेळी फिरायला येते म्हणून तुम्ही तुमची वेळ बदलून तिच्या मागे चालू लागलात, तर तुमच्याजवळचा कुत्रा कितीही गोंडस असला तरी तिला ते गोड वाटत नाही. तिने वेग वाढवला, फोन कानाला लावला, की समजून घ्या.

एक पत्र सातारकर मुलीचं आहे. तिचे ६४ वर्षांचे वडील आईच्या माघारी कुत्र्याला घेऊन दिवसातून चार वेळा बागेत जातात, कारण तिथे एक बाई आपल्या पामेरियनला घेऊन येतात, आणि हिला वाटतं 'लोक काय म्हणतील'. बाई गं, लोक म्हणतील की तुझे बाबा पुष्कळ चालतात. बाकीचं त्यांना ठरवू दे. कुत्र्याला मात्र चार फेऱ्या झेपतायत का, ते बघ.

टिकलीच्या आई, तुमच्याकडे परत येते. नामदेवांची गोष्ट लहानपणी ऐकली असेल. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. परवा तुम्ही पट्टा सुटल्यावर टिकलीमागे धावलात, मागून कर्नलचे बाबा धावले, त्यांच्यामागे चार पावलं कर्नलही धावला, असं तुम्ही लिहिलंय. तिघांपैकी कुणाला नक्की काय हवं होतं, हे टोपी घेऊन पुढे पळणाऱ्या टिकलीला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. पण ते उतारावर ओरडले ते काय, आठवतं का? तुम्हीच लिहिलंय. 'टोपी राहू द्या हो, तुम्ही पडाल!'

हे मी तुमच्या आईंना वाचून दाखवेन, मैत्रिणीला पण.

तिळाच्या वड्या करताना एक लक्षात ठेवा: त्या माणसांसाठी. कर्नलला गूळ नको, त्याचं पथ्य आहे. हल्ली तिळगुळाचं चॉकलेटही मिळतं, ते तर दोन्ही कुत्र्यांपासून लांब ठेवा, चॉकलेट त्यांना विषासारखं. बेदाणे घातलेलं काहीही तसंच.

आणि टोपी आता तिसऱ्यांदा धुऊ नका. लोकर आटते.